कोरी फ्रेम, काळी फ्रेम

ब्रूस कॉनर या प्रायोगिक फिल्मकाराची 'रिपोर्ट' ही फिल्म लावायची असली की निम्मं काम आदल्या दिवशीच उरकून घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या छोट्या थिएटरात मी 16 एमएम प्रोजेक्टर चालवतो. त्या दिवशी बंदूक आणि रोजचं जगणं या विषयावरच्या प्रायोगिक फिल्म्सचा कार्यक्रम होता आणि 'रिपोर्ट' मधोमध होती.

फिल्म 13 मिनिटांची, कृष्णधवल. 1963 ते 1967 या काळात कॉनर ती पुन्हा पुन्हा कापत-जोडत राहिला. विषय केनेडींचा खून, पण गोळी लागतानाचं दृश्य त्यात नाही. तिथे हजर असलेल्या झाप्रुडर नावाच्या माणसाने 8 एमएमवर टिपलेले ते 26 सेकंद 'लाइफ' मासिकाने विकत घेतले होते. देशभरच्या टीव्हीवर ते 1975 मध्ये दिसले. कॉनरच्या हाती होते बातमीपटांचे तुकडे, जाहिराती, प्रोजेक्शनसाठीची लीडर (रिळाच्या सुरुवातीची उलट्या आकड्यांची पट्टी) आणि त्या दिवसाचं रेडिओ समालोचन. आधी मोटारींच्या ताफ्याचा तोच तुकडा परत परत येतो, मग चित्रच जातं. रेडिओवाला गोंधळलेल्या आवाजात सांगत राहतो आणि पडद्यावर काळ्या-पांढऱ्या फ्रेम्सचा झगमगाट सुरू होतो. कोऱ्या आणि काळ्या फ्रेम्स, बाकी काही नाही.

नेमका हाच भाग बूथमधल्या माणसाचा घाम काढतो. चित्र असलं की त्यात धूळ खपून जाते. कोऱ्या फ्रेमवर मात्र गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते त्या खिडकीत, अडकलेला एक केस पडद्यावर हातभर अळीसारखा वळवळतो, आणि काळ्या फ्रेमवरचा ओरखडा पांढरी रेघ होऊन दिसतो. म्हणून गेट आधी मऊ ब्रशने झाडायचं, मग कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. इमल्शनची, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराची, खपली चिकटली असेल तर लाकडी काडीनेच सोडवायची. धातूचं काही लावलं तर पुढच्या प्रत्येक प्रिंटवर चरा उमटतो. फोकस ताफ्याच्या दृश्यावरच पक्का करून घ्यायचा, कारण पुढे बराच वेळ फोकस धरायला पडद्यावर काहीच नसतं.

प्रिंट रिवाइंड टेबलवर घेऊन हाताने तपासली. मिनिटाला 36 फूट, म्हणजे साधारण 470 फूट. जोड बोटाला लागत होते, पण सुटे नव्हते. फिल्म कुजू लागल्याची खूण असलेला व्हिनेगरचा वास नव्हता, आकुंचनही एक टक्क्याच्या बरंच आत होतं. त्यापुढे गेलेली प्रिंट प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नाही, छिद्रं फाटतात. ओवताना गेटखालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल सोडलेला वेटोळा, मोजून ठेवला. 16 एमएममध्ये ऑप्टिकल आवाज, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेला आवाज, चित्राच्या 26 फ्रेम पुढे असतो, म्हणजे सेकंदाहून थोडा जास्त. लूप लहान-मोठा झाला की आवाज सरकतो. इथे ओठ जुळवायचे नसले तरी कुठल्या शब्दावर कुठलं चित्र पडतं, यावरच सारी फिल्म उभी आहे.

पर्याय म्हणून आयोजकांनी डिजिटल फाइलही पाठवली होती. ती लावली तर झगमगाटाच्या जागी राखाडी थरथर! कारण सोपं होतं. सेकंदाला 24 फ्रेम्सची फिल्म जुन्या टीव्हीच्या 30 फ्रेम्सच्या, आंतरओळी (इंटरलेस्ड) पद्धतीत उतरवली होती. त्यात दर चार फ्रेम्सच्या पाच होतात आणि पाचातल्या दोन मिश्र, म्हणजे निम्म्या ओळी एका फ्रेमच्या, निम्म्या दुसऱ्याच्या. एरवी हे डोळ्याला कळत नाही. पण शेजारच्या दोन फ्रेम्स काळी आणि कोरी असतील तर डिजिटल प्रोजेक्टर त्यांची सरासरी काढून राख करतो. फाइल बाजूला ठेवली. खरं तर असं काही दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं.

संध्याकाळी दारावर पाटी लावली, निवेदकालाही सांगायला लावलं: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणाऱ्या झगमगाटाने काहींना फेफरं येऊ शकतं. मध्येच उठून जायचं असेल त्यांच्यासाठी कडेच्या खुर्च्या मोकळ्या ठेवल्या.

फिल्म निम्म्यावर नसेल आली, तेवढ्यात खाली दिवे लागले. पडद्यावर उलट्या मोजणीची लीडर होती. दिव्यांवरच्या मुलाला वाटलं, रीळ संपलं, आता नवं सुरू होतंय. बरोबरच होतं त्याचं; एरवी लीडरचा अर्थ तोच. कॉनर ती मुद्दाम परत परत लावतो, आकडे उतरत जातात आणि सुरू काहीच होत नाही. मी इंटरकॉमवरून 'बंद कर, बंद कर' म्हणेपर्यंत काही सेकंद गेले. प्रोजेक्टर थांबवला नाही. थांबवून पुन्हा सुरू केलं असतं तर आवाजाला वेग धरायला वेळ लागला असता आणि गरम गेटमध्ये फ्रेम जळायची भीती होती ती वेगळीच.

रायफलचा तुकडा तोवर येऊन गेला होता. पोलीस कचेरीच्या गर्दीतून एक माणूस रायफल डोक्यांच्या वर धरून नेतो, तेवढंच. पण ती रायफल आली कुठून, हे माहीत असलं की दुसरा अर्धा भाग वेगळा दिसतो. साडेसहा मिलिमीटरची इटालियन कार्कानो. मासिकातलं कुपन भरून शिकागोच्या दुकानातून मागवलेली, दुर्बिणीसकट 19.95 डॉलरला, आणि टपालाने डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर आलेली. दुसऱ्या राज्यातून अशा टपालाने बंदुका मागवणं बंद झालं ते 1968 च्या कायद्याने. उत्तरार्धात कॉनर काळ मागे नेतो: रेडिओवर केनेडींच्या आगमनाचं उत्साही वर्णन, आणि पडद्यावर बैलझुंज, फ्रिजची जाहिरात. अनेकांना हे विनोदी वाटतं. मला तो भाग झगमगाटापेक्षा जड जातो, कारण त्यात कुठलीच वस्तू अनोळखी नसते.

शेवटच्या शॉटमध्ये एका कचेरीतल्या यंत्रावरचं 'सेल' (SELL, म्हणजे 'विका') हे बटण दाबलं जातं. त्यानंतर शेपूट, म्हणजे रिळाच्या शेवटची उरलेली पट्टी, आखूड आहे, म्हणून डाउझर (दिव्याचा उजेड अडवणारी झडप) हातातच धरून ठेवायचा. उशीर झाला तर नुसता पांढरा उजेड पडद्यावर पडतो आणि लोकांना वाटतं, तोही फिल्मचाच भाग. दिव्यांवरच्या मुलाला या वेळी सांगून ठेवलं होतं: पडदा काळा झाल्यावर मनात दहा मोज, मगच हळूहळू उजेड. दुसऱ्या दिवशी फाइल परत पाठवताना सोबत चिठ्ठी दिली: मूळ 24 फ्रेम्सवर, पूर्ण फ्रेमने उतरवलेली प्रत द्या, आणि झगमगाटाच्या भागात कॉम्प्रेशन कमीत कमी ठेवा.