सरवा

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका मावशींनी आईंना विचारलं, कसं चाललंय, तर आई म्हणाल्या, कसलं काय, माझं कोण राहिलंय आता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी शेजारीच उभी होते, एका हातात त्यांची पिशवी, दुसऱ्या हातात त्यांचा हात. घशात आवंढाच आला. पप्पांना जाऊन आठ महिने झाले, नगरचं घर बंद करून आई भांडुपला आमच्या वन बीएचकेत आल्या, पहाटे पाचला उठून त्यांची भाकरी, बीपीच्या गोळ्या सगळं करून मी लोकल पकडते, आणि माझं कोण राहिलंय?

सोमवारी लेडीज डब्यात मोबाईलवर बायबलातलं रूथचं पुस्तक काढलं, चारच अध्याय आहेत, दादरपर्यंत होतात. आमच्या लग्नात पाळकसाहेबांनी यावरच संदेश दिला होता, तुमचे लोक ते माझे लोक. हे वाक्य विधवा झालेली रूथ नवऱ्याला नाही, सासूला, नामीला म्हणते हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि त्यानंतर लगेच काय होतं बघा, दोघी नामीच्या गावी, बेथलेहेमला पोचतात, गावच्या बायका जमतात आणि नामी म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू, मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणलं. अहो रूथ तिथेच उभी आहे! आपला देश, आपली माणसं, सगळं सोडून आलेली. आणि शास्त्रात तिचं त्यावर एक अक्षर उत्तर नाही. पुढच्या अध्यायात ती एवढंच विचारते, मी शेतात सरवा वेचायला जाऊ का.

नामीने नवरा आणि दोन मुलगे मवाबात, म्हणजे रूथच्या देशात, गमावले होते. रिकामी म्हणजे त्या तिघांशिवाय. रूथ नाही असं ती म्हणतच नव्हती. घाटकोपर कधी गेलं मला कळलं नाही.

संध्याकाळी मी आईंना विचारलं, सरवा म्हणजे नक्की काय हो? मी मुंबईत वाढलेली, शब्द फक्त बायबलातच ऐकलेला. आई उठून बसल्या. कापणी झाली की रानात जी कणसं पडून राहतात ती वेचायची, त्या लहानपणी आजीबरोबर ज्वारीचा वेचायच्या, भुईमुगाच्या शेंगांचा पण, मग 72 चा दुष्काळ आला, तेव्हा सरवा कुठला, रानात काहीच नव्हतं, आजी खडी फोडायला जायची आणि पोरांना सुकडी मिळायची. आठ महिन्यांत इतकं बोलल्या नव्हत्या. मग स्वतःच म्हणाल्या, देवाने बायबलात, लेवीयाच्या पुस्तकात सांगूनच ठेवलंय, शेताच्या कडा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं.

मी त्यांना दुसरा अध्याय वाचून दाखवला. शेताचा मालक बवाज रूथला जेवताना भाजलेलं धान्य देतो, हुरडाच म्हणा ना, ती पोटभर खाते आणि उरलेलं सासूसाठी घरी आणते. एफाभर, म्हणजे धान्याचं एक मोठं माप भरून, सातू आणले ते आणलेच, पण हे ताटातलं वेगळं राखलेलं मला जास्त आवडतं. हुरडा म्हटल्यावर आई हसल्या.

काल ऑफिसमध्ये एकीचा बर्थडे होता. मी ढोकळ्याचे दोन तुकडे टिश्यूत गुंडाळून आणले. आईंनी एक खाल्ला, दुसरा वाटीखाली झाकून ठेवला. म्हटलं खा ना, तुमच्यासाठीच आणलाय, तर म्हणाल्या, असू दे गं, सकाळी तुझ्या डब्याला होईल.