नॉक्सव्हिल: आधी म्युझियम, मग धुरळा

आयोवा राज्यात नॉक्सव्हिल नावाचं साडेसात हजार वस्तीचं गाव आहे. डि मॉइनहून आग्नेयेला निघालं की तासाभराच्या आत तिथे पोचता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, थांबून बघावं असं काही नाही. गावात मात्र जत्रेच्या मैदानावर अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आहे आणि त्याच्या दुसऱ्या वळणाला खेटून नॅशनल स्प्रिंट कार हॉल ऑफ फेम अँड म्युझियमची इमारत आहे. १९९२ साली उघडलेली. स्प्रिंट कार म्हणजे गोल ट्रॅकवर पळणारी लहान, हलकी पण जबर ताकदीची शर्यतीची गाडी. मातीवर गाड्या पळवणाऱ्यांचा मान राखणारी इतकी चांगली जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

जायचं तर शनिवारीच. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक शनिवारी रात्री इथे शर्यती असतात. दुपारी म्युझियम बघा आणि संध्याकाळी स्टँडमध्ये बसा. क्रम उलटा करू नका. गाडी जवळून पाहिलेली नसली की रात्री नुसता आवाज आणि धूळच पदरी पडते.

आता गाडीबद्दल. ड्रायव्हरसकट वजन साधारण १,४०० पौंड, म्हणजे ६३५ किलोच्या आसपास. आपली ऑल्टो रिकामी असली तरी याहून जड भरते. इंजिन ४१० घन इंचांचं, ताकद ९०० अश्वशक्तीच्या घरात, इंधन मिथेनॉल. स्टार्टर नाही, क्लच नाही. मागून ट्रक ढकलतो तेव्हा गाडी सुरू होते. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं, त्यामुळे गाडी आपसूक डावीकडे वळायला बघते. डोक्यावरचा पाच बाय पाच फुटांचा पंख (विंग) वाऱ्याच्या जोरावर तिला मातीत दाबून धरतो. हे सगळं इथे हातभर अंतरावरून दिसतं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो जुन्या गाड्यांपाशी. १९७०च्या आसपास डोक्यावरचा पोलादी पिंजरा सरसकट आला. त्याआधीचे लोक उघड्यावर बसून पळत. आयएमसीए या शर्यती भरवणाऱ्या संघटनेचा अनेकदा विजेता ठरलेला गस श्रेडर १९४१ मध्ये श्रीव्हपोर्टच्या जत्रेत शर्यतीतच गेला. रेक्स मेज सीटबेल्ट वापरत नसे. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला गाडीबाहेर फेकला गेला आणि संपला. पेनसिल्व्हेनियाचा टॉमी हिनरशिट्झ मात्र शेती सांभाळून अमेरिकेच्या पूर्व विभागाचा सात वेळा विजेता झाला; लोक त्याला ‘उडता शेतकरी’ म्हणत. रॅजो जॅक कृष्णवर्णीय होता, म्हणून त्या काळच्या मुख्य संघटनेने त्याला दारातही उभं केलं नाही. त्याचं नाव इथे लागलं २००७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. उशीर झाला, पण लागलं.

आणि हा मान फक्त ड्रायव्हरांचा नाही. इंजिनं बांधणारे, गाड्यांचे मालक, मेकॅनिक, शर्यती भरवणारे, निवेदक यांनाही इथे जागा आहे, आणि माझ्या मते हेच या हॉलचं मोठेपण. ड्रायव्हर स्टीव्ह किन्झर वर्ल्ड ऑफ आउटलॉज या देशभर फिरणाऱ्या शर्यतमालिकेचा वीस वेळा विजेता आणि इथल्या नॅशनल्सचा, म्हणजे ऑगस्टमधल्या मोठ्या शर्यतीचा, बारा वेळा. त्याचं नाव कुठेही लागलंच असतं. पाना हातात घेऊन रात्र काढणाऱ्याचं कोण लावतं? नव्या मानकऱ्यांचा सोहळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला असतो. तो साधला तर जुनी मंडळी प्रत्यक्ष भेटतात आणि मोकळेपणाने बोलतात.

माझ्याबरोबर कोल्हापूरचा मामेभाऊ होता. शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारून रोलर फिरवताना बघून म्हणाला, “दादा, ही तर तालमीच्या हौदातली माती मळायलेत!” इथली माती काळी आणि चिकट. सुरुवातीला ओली असते, तेव्हा गाड्या वेगात पळतात. रात्र चढेल तशी वाळते आणि ड्रायव्हर कोरड्या भागातून ओल शोधत फिरतात. कोण कुठली रेघ धरतो ते बघा, खरी मजा तिथे आहे. मुख्य शर्यतीआधी चार-चार गाड्या एका ओळीत येऊन प्रेक्षकांना सलामी देतात, तेव्हा उभं राहायचं.

तिकीट वरच्या रांगेचं घ्या. खाली ढेकळं अंगावर येतात. कानात बोळे हवेतच, लहान मुलांना कान झाकणारे मफ. साधा चष्मा किंवा गॉगल, बसायला उशी, आणि पांढरा शर्ट घरी ठेवा. शाकाहारींची पंचाईत होते: चीज कर्ड्स, मक्याचं कणीस, फनेल केक, संपलं. मैदानाबाहेर गाडीत दशम्या-चटणी ठेवलेली बरी. म्युझियमच्या वेळा आणि पावसाचा अंदाज निघण्यापूर्वी बघा, पावसाने चिखल झालेल्या ट्रॅकवर शर्यत होत नाही.

ऑगस्टमधल्या नॅशनल्सला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. १९६१ पासून चालू असलेल्या या शर्यतीला गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणूस लोटतं. गावातल्या खोल्या लोक वर्ष-वर्ष आधी धरून ठेवतात. पेला किंवा डि मॉइनला मुक्काम करा. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र साधा शनिवारच निवडावा. तिकीट स्वस्त, गर्दी कमी, आणि शर्यत संपल्यावर पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात तिथे, जाऊन मेकॅनिकांशी दोन शब्द बोलता येतात.

निघताना गाडीच्या काचेवरची माती आधी भरपूर पाण्याने धुवा, कोरडी पुसली तर ओरखडे पडतात. आणि परतीच्या अंधारात वेग बेताचा ठेवा, मक्यातून हरणं आडवी येतात.