पहिले तीन दिवस मी नुसती कोपऱ्यात बसून होते

बर्लिनला आल्यावर लेकीला किटात घालायचं ठरलं, किटा म्हणजे आपलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र, बर्लिनमध्ये त्याला फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो तेवढे द्यायचे. माझ्या डोक्यात आपल्याकडचंच चित्र होतं, गेटपाशी पोरीला ताईंच्या हातात द्यायचं, ती भोकाड पसरणार आणि सगळे म्हणणार, "तुम्ही जा हो, पाच मिनिटांत गप्प होतात."

इथल्या ताई पहिल्याच मीटिंगला म्हणाल्या, ऑफिसमधून दोन-तीन आठवडे मोकळे ठेवा. याला आइनगेव्होनुंग म्हणतात, म्हणजे मुलाला हळूहळू रुळवणं. पहिले तीन दिवस रोज तासभर मी वर्गातच, पण तिला "जा, खेळ" म्हणायचं नाही, ती जवळ आली तर घ्यायचं, एवढंच. चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा खोलीबाहेर गेले, तेही थोडाच वेळ, आणि हा दिवस सोमवार नको असतो कारण मूल शनिवार-रविवार घरी राहून आलेलं असतं. जाताना तिला सांगून जायचं, डोळा चुकवून पळायचं नाही. मूल रडलं तरी चालतं, बघायचं ते हे की ताईंनी जवळ घेतल्यावर शांत होतं का. नाही झालं तर आईला लगेच आत बोलावतात आणि रुळवायचे दिवस वाढवतात. माझी लेक रडली, मग ताईंच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत गप्प झाली, आणि दाराबाहेर मी रडत होते.

आई फोनवर विचारायची, "एबीसीडी शिकवतात का गं?" नाही शिकवत. लिहिणं-वाचणं सहाव्या वर्षी शाळेत गेल्यावर. मलाही काळजी वाटायची, खोटं कशाला बोलू.

मग नोव्हेंबरात एकदा लवकर पोचले. पॅसेजमध्ये सगळी पोरं माचहोझे चढवत होती, चिखलात खेळायला घालतात ती रबरासारखी डांगरी. लेक खाली बसून उजवा बूट डाव्या पायात कोंबत होती, जाईना, काढला, उलटा करून बघितला, परत तोच. मी पुढे झाले तर ताई हळूच म्हणाल्या, "थांबा, तिने मदत मागितली नाहीये." दहा मिनिटं तरी गेली असतील. शेवटी तिने दोन्ही बूट शेजारी-शेजारी ठेवले, पाय त्यांच्यापुढे धरून पाहिले आणि बरोबर घातले. डावं-उजवं तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

मुलांना खेळातून, त्यांच्या वेगाने शिकू द्यायची ही वाट जुनी आहे. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात खेळातून शिकवायला सुरुवात केली, लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, ठोकळा, आणि 1840 मध्ये नाव दिलं किंडरगार्टन, मुलांची बाग. 1851 मध्ये प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या, सरकारने त्यावर बंदी घातली, ती 1860 पर्यंत राहिली, आणि फ्रोबेल तर 1852 मध्येच गेला. बंदी उठलेली त्याला बघायला मिळाली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात त्या आपल्याकडे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावर न्यायची, अंगणात भरवायची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, खेळायला शंख-शिंपले, बिया, पानं. इथे जर्मनीत जंगलात भरणाऱ्या बालवाड्या बघायला लोक लांबून येतात आणि आपल्या पालघरच्या डोंगरात हे कधीच होऊन गेलंय! मग आपण साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात चार रेघी वही का देतो? गावाकडच्या मैत्रिणींनो, बालवाडी निवडताना भिंतीवरचे तक्ते नका बघू, ताई मुलासाठी किती वेळ थांबते ते बघा.

परवा व्हिडिओ कॉलवर लेक आजीला काकडी कापून दाखवत होती, किटात शिकलीये, खरी सुरी, बोटं आत वळवून. आई ओरडली, "अगं बाई, हात कापेल तिचा!" मी गप्प राहिले. आईपण मग गप्प बघत राहिली, शेवटची चकती पडेपर्यंत, आणि म्हणाली, "आता त्याला मीठ लाव, बाळा."