योग्याकार्तामधील विजिलान गल्ली आणि फणसाचे गुदेग

बोरोबुदुर आणि प्रंबानन ही प्राचीन मंदिरे पाहण्यासाठी इंडोनेशियातील योग्याकार्ताला मुक्काम करणारे बहुतेक पर्यटक मालिओबोरो रस्त्यावरच जेवून घेतात. या शहराचा स्वतःचा पदार्थ मात्र गुदेग हा आहे, आणि तो चाखायचा असेल तर सुलतानाच्या राजवाड्याच्या, म्हणजे क्रातोनच्या, पूर्वेकडील विजिलान गल्लीत जावे. गल्लीच्या उत्तर टोकाला तारुनासुरा नावाची जुनी कमान आहे. तेथून आत शिरले की दोन्ही बाजूंना गुदेगची दुकाने लागतात. मालिओबोरोहून येथे येण्यासाठी बेचाक, म्हणजे सायकलरिक्षा, मिळते. मात्र बसण्यापूर्वीच भाडे ठरवून घ्यावे.

आम्ही सकाळी न्याहारीच्या वेळी एका साध्या दुकानात गेलो. दर्शनी काचेच्या कपाटात गुदेगचे ढीग, तपकिरी झालेली उकडलेली अंडी आणि कोंबडीचे तुकडे मांडलेले होते. गुदेग म्हणजे कोवळा फणस नारळाचे दूध, ताडगूळ, लसूण, धणे आणि गलांगल, म्हणजे आल्यासारखे एक मूळ, घालून कित्येक तास मंद आचेवर शिजवलेला पदार्थ. त्याचा लालसर तपकिरी रंग सागाच्या पानांमुळे येतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चुरडून हात लाल झालेला ज्याने पाहिला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. फणस इतका मऊ होतो की त्याचे धागे सुटतात, तरी लगदा होत नाही. कोकणात होणाऱ्या कोवळ्या फणसाच्या भाजीची आठवण पहिल्या घासाला येते खरी, पण तिच्यातील गूळ चवीपुरता असतो आणि येथे गोडी हीच मुख्य चव असते, त्यामुळे दुसऱ्या घासाला ते साम्य संपते.

या गोडीला तोल देण्यासाठी ताटात क्रेचेक वाढतात. लाल मिरचीच्या रश्श्यात शिजवलेले हे मऊ, सच्छिद्र तुकडे गायी-म्हशीच्या वाळवलेल्या कातड्याचे असतात, आणि दिसायला पनीर किंवा सोयाचे वाटू शकतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी मागणी करतानाच ‘तान्पा क्रेचेक’, म्हणजे क्रेचेकशिवाय, असे स्पष्ट सांगावे. ताट वाढून झाल्यावर तुकडे बाजूला काढले तरी रस्सा भातात उतरलेला असतो. क्रेचेक वगळल्यास ताट एकसुरी गोड होते, हे आमचे प्रांजळ मत आहे. त्यावर उपाय म्हणून ‘चाबाइ रावित’, म्हणजे लहान तिखट मिरच्या, किंवा सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी, मागून घ्यावे, मात्र सांबालमध्ये बहुधा कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते.

कडक शाकाहारी मंडळींना आणखी एक अडचण येऊ शकते. गुदेगवर घालण्याची आरेह ही नारळाच्या दुधाची दाट साय काही ठिकाणी कोंबडीच्या रसात शिजवतात, तर काही ठिकाणी अंडी आणि कोंबडी फणसाबरोबरच शिजतात. त्यामुळे कोंबडीचा तुकडा नको एवढे सांगून भागत नाही. पदार्थ कसा शिजवला आहे हे विचारावेच लागते. भात आणि गुदेग यांच्या जोडीला तेम्पे बाचेम, म्हणजे ताडगुळाच्या पाण्यात मुरवून तळलेले आंबवलेले सोयाबीन, घेतल्यास पोट चांगले भरते.

मांसाहार करणाऱ्यांनी कोंबडीचा कोणता भाग हवा ते सांगावे, कारण ताटाची किंमत त्यावरच ठरते. अंडे घातलेले किंवा कोंबडीचे बारीक धागे पसरलेले ताट स्वस्त पडते, मांडी किंवा छातीचा तुकडा घेतल्यास किंमत बरीच वाढते. दरपत्रक दिसत नसेल तर आधी विचारून घ्यावे आणि सुटे रुपिया जवळ ठेवावेत. चहा मागितला की तो साखर घालूनच येतो. बिनसाखरेचा हवा असेल तर ‘तेह तावार’ म्हणावे. गुदेगनंतर आम्हांला तोच बरा वाटला.

विजिलानमध्ये मुख्यतः कोरडे गुदेग मिळते. रसदार प्रकार चवीला अधिक मऊ आणि कमी गोड असतो, पण नारळाच्या दुधामुळे तो लवकर आंबतो. बरोबर न्यायचे असल्यास कोरडाच प्रकार घ्यावा. तो मातीच्या मडक्यात किंवा बांबूच्या डब्यात बांधून देतात. मडके विमानाच्या सामानात फुटण्याची भीती असते, म्हणून पुढचा प्रवास लांबचा असेल तर डबाबंद गुदेग घेणे सोयीचे.