पोफळीच्या बागेतला उडता सरडा

उडता सरडा बघायचा म्हणून लोक तिलारीच्या दाट रानात शिरतात आणि मान दुखेपर्यंत शेंड्यांकडे बघत राहतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या जुन्या पोफळीच्या बागेत तो शोधणं त्यामानाने सोपं. खोड सरळ, बिनफांद्यांचं आणि दोन झाडांमधली जागा मोकळी, त्यामुळे झेप घ्यायला त्याला अडथळा नसतो आणि आपल्यालाही ती पूर्ण दिसते.

सकाळी खोडांवर ऊन आलं की, साधारण नऊ ते अकरा, बागेत जावं. नजर खोडाच्या दोन्ही कडांवर ठेवावी. दगडफुलाने पांढुरक्या झालेल्या सालीवर तो समोरून ओळखूच येत नाही. कडेला मात्र डोक्याचा उंचवटा दिसतो. नर गळ्याखालची पिवळीधमक कातडी झटक्यात पुढे काढतो आणि मिटतो. ती एकदा दिसली की नजर हलवू नये. मादीची ही कातडी लहान आणि फिकी असते. जवळ गेलं की तो खोडामागे सरकतो, आपण फिरू तसा फिरतो. म्हणून दोघांनी जावं आणि एकाने पलीकडे थांबावं.

त्याचे पंख म्हणजे लांब वाढलेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी. उडी मारल्यावर तो पुढचे पाय मागे नेऊन पंखांची पुढची कड पकडतो. याच जातीच्या (शास्त्रीय नाव ड्रॅको डुसुमिएरी) निरीक्षणांवरून हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. उतरताना कड सोडून, अंग वर उचलून वेग कमी करतो आणि डोकं वर ठेवूनच खोडाला चिकटतो. झेपेत उंची गमावलेली असते, त्यामुळे लगेच वर चढू लागतो. फोटो हवा असेल तर शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवून फोकस आधीच समोरच्या खोडावर लावावा. उडाल्यावर लावायला वेळ मिळत नाही.

बागायतदारांना मात्र कळकळीने सांगणं आहे. याचं मुख्य खाणं मुंग्या. खोडांवर सरसकट कीटकनाशक मारलं की बाग हिरवी राहते, पण त्याला खायला उरत नाही. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, तोंडाने माती उकरून साधारण चार अंडी पुरते. त्यामुळे पाला जाळू नये आणि पूर्ण बाग एकदम खणू नये. ती उकरताना दिसलीच, तर लांबूनच वळावं आणि कुत्र्याला बांधून ठेवावं.