काळ्या पट्ट्यांची वर्षं

"दुकानात तर छान दिसत होता!" सपाट टीव्ही घरी आला की पहिल्याच संध्याकाळी हे वाक्य हमखास ऐकू यायचं. दुकानात त्याच्यावर लाल-हिरवे पोपट उडत असत, पाकळ्यांवरून पाण्याचे थेंब ओघळत असत. पोपटाची पिसं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ चित्र. घरी त्याच काचेवर आपली केबल आणि रात्री आठची मालिका. सासूबाईंचा चेहरा कोणीतरी बोटानं फासल्यासारखा.

टीव्हीचा दोष नव्हता, उलट तो फार प्रामाणिक होता. आपलं जुनं प्रक्षेपण ६२५ रेषांचं, त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. डबा टीव्हीची काच लहान, शिवाय ट्यूब चित्राच्या कडा जरा मऊच करायची, त्यामुळे उणंदुणं झाकलं जायचं. नवा टीव्ही १०८० रेषांचा. मधल्या रेषा आणायच्या कुठून? तो अंदाजानं भरायचा. त्यातही बऱ्याच जणांनी 'एचडी रेडी' म्हणून घेतलेला टीव्ही १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. हे माप ना ७२० रेषांच्या चित्राशी जुळायचं ना १०८० च्या, म्हणजे अस्सल एचडी आलं तरी त्याला कापूनबेतूनच बसवावं लागे.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांबरोबर दूरदर्शनवर रंग आला, तेव्हा ज्यांच्याकडे कृष्णधवल संच होता त्यांचं काहीच बिघडलं नाही. रंगीत प्रक्षेपण त्यांना पूर्वीसारखंच काळं-पांढरं दिसत राहिलं. पुढे २०१० मध्ये दिल्लीतच राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि दूरदर्शननं त्या एचडीत दाखवल्या. या खेपेला मात्र गंमत उलटी झाली. जुन्या टीव्हीवाला सुखात होता, आणि पैसे मोजून नवा आणणाऱ्याला पूर्वीपेक्षा वाईट चित्र बघावं लागत होतं.

खरा घोळ आकाराचा. जुनं चित्र चारास तीन, नवी काच सोळास नऊ. जुनं चित्र नव्या काचेवर नीट दाखवायचं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार. आमच्या बाबांना त्या पट्ट्या सहनच होत नसत. "एवढे पैसे मोजले ते काय काळं बघायला?" मग रिमोटवरचं एक बटण दाबायचं आणि चित्र काचभर ताणायचं. हिशेबानं प्रत्येक माणूस एक तृतीयांश रुंद होतो. नायिका, नायक, बातम्या देणारी, झाडून सगळे एका रात्रीत भरले. चेंडू लंबगोल झाला. आठवडाभर खटकलं, मग सवय झाली. "ही अलीकडे फार सुटलीय गं," असं आई एका अभिनेत्रीबद्दल अगदी मनापासून म्हणाली होती.

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंग्या गेल्या, चौकोन आले. एकाच वाटेनं जास्तीत जास्त वाहिन्या कोंबायच्या म्हणजे प्रत्येकीचं चित्र दाबून पाठवायचं. मालिकेत पाऊस पडला किंवा मैदानात प्रेक्षक उठून नाचायला लागले की चित्राचे ठोकळे व्हायचे. मुंग्यांमधून निदान माणूस ओळखता यायचा. आणि ज्यांनी हौसेनं एचडीचा बॉक्स घेतला, त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनंच जोडलेला असे. एचडीचे जादा पैसे भरायचे, आणि त्या पिवळ्या वायरीतून यायचं ते जुनंच चित्र! एचडीएमआय वायर जोडली की पडदा बाजूला सारल्यासारखं व्हायचं. क्रिकेटमध्ये तर चेंडूची शिवण दिसू लागली, आणि कोपऱ्यातला धावफलक वाचायला बाबांना उठून टीव्हीजवळ जावं लागेनासं झालं.

२०१६ मध्ये मराठी मनोरंजन वाहिन्याही एचडीत येऊ लागल्या, तेव्हा बिचाऱ्या रंगभूषाकारांची पंचाईत झाली. वाड्याची दगडी भिंत रंगवलेल्या प्लायवुडची आहे हे दिसायला लागलं. मिशीची जाळी दिसली. माझ्या मते आपल्या मालिकांना जुनं चित्रच जास्त मानवत होतं, पण हे घरी बोलायची सोय नव्हती. तसं पाहिलं तर आमच्याकडे एचडी वाहिनीचे पैसे जात राहिले आणि आई जुनाच क्रमांक दाबत राहिली, कारण तो पाठ होता.

आता टीव्हीवर थेट फोनमधले व्हिडिओ लावतात. परवा भाच्याच्या लग्नाचा लावला, कोणीतरी फोन उभा धरून काढलेला. मधे नवरा-नवरीची चिंचोळी पट्टी, बाकी दोन तृतीयांश काच काळी. बाबांनी रिमोट हातात घेतला आणि चष्मा लावून ते बटण शोधू लागले. सापडलं असतं तर नवरदेव तिपटीहून रुंद झाला असता.