बॉक्सिंगचे सगळे पंच (ठोसे) कुणाकडे होते? तुम्ही विचारलंत म्हणून

परभणीत पोरांना बॉक्सिंग शिकवायला लागून मला १९ वर्षं झाली. पालक, पोरं, चहाच्या टपरीवरचे ओळखीचे, सगळे एकच विचारतात: "सर, एकूण एक पंच कुणाला चांगला मारता यायचा?" विचारणाऱ्याच्या मनात अली नाहीतर टायसन ठरलेला असतो. मी जुन्या काळातला अमेरिकेचा बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन म्हणालो की त्याचा चेहरा पडतो. म्हणून एकदा नीट लिहितो.

अली मोठाच. पण तो पोटात फारसा मारत नसे. ८ मार्च १९७१ला पंधराव्या राऊंडमध्ये ज्यानं अलीला खाली पाडलं, त्या जो फ्रेझरचा सगळा धाक डाव्या हुकचा, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या पंचचा. दोघांनाही थोर म्हणा, माझी काहीच हरकत नाही. पण प्रश्न थोर कोण हा नाही. दोन्ही हातांनी, डोक्यावर आणि बरगडीवर, लांबून आणि चिकटून, पुढे जाताना आणि मागे सरताना मारून समोरच्याला दुखवता येतं का, हा आहे.

रॉबिन्सनला यायचं. जानेवारी १९५७मध्ये जीन फुलमरनं त्याचा किताब काढून घेतला. रॉबिन्सन तेव्हा पस्तिशीत होता, लोकांनी त्याला संपला म्हटलं. १ मे रोजी शिकागोत दोघे पुन्हा भिडले. पाचव्या राऊंडमध्ये रॉबिन्सन मागे सरतोय, फुलमर अंगावर येतोय, आणि त्या मागच्या पावलावरूनच डावा हुक हनुवटीवर बसला. त्याआधी फुलमरला कुणी नॉकआउट केलेलं नव्हतं. मागे जाताना हुकमध्ये वजन आणून दाखवा, मग माझ्याशी वाद घाला. मी हजार वेळा करून पाहिलंय. हात जातो, अंग मागेच राहतं.

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

२०१४ची गोष्ट. माझा एक पोरगा, ४९ किलो गटातला. त्याचा उजवा हात असा, की पॅड धरल्यावर माझं मनगट संध्याकाळपर्यंत ठणकायचं. मी त्याला दोनच गोष्टी दिल्या: जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ झटपट पंच, आणि उजवा, म्हणजे मागच्या हाताचा सरळ जोरदार पंच. तो हुक मागायचा. मी म्हणायचो, "फ्रेझर एका हातावर जगज्जेता झाला. तुला काय कमी आहे?" राज्य स्पर्धेत सेमीफायनलला पोचला. पहिल्या राऊंडच्या शेवटी त्याचा उजवा समोरच्याच्या कपाळावर आदळला. कॉर्नरला आला. पाणी पाजताना मी ग्लोव्हवर हात ठेवला, तर त्यानं खांदा आखडून घेतला. मला कळलं. त्यानं सांगितलं नाही, पण मला कळलं. टॉवेल टाकून लढत थांबवायला हवी होती. मी म्हणालो, "जॅब चालू ठेव."

सहा मिनिटं तो नुसता जॅब मारत राहिला. समोरचा पोरगा हुशार होता. दुसऱ्या राऊंडच्या मध्यावर त्यालाही उमगलं की उजवा येत नाही. मग तो जॅबला आपला उजवा हात लावून सरळ आत शिरायला लागला. त्याची बरगडी उघडी, कान उघडा. डावा हुक मारायला अख्खं दार उघडं होतं. माझ्या पोराला ते दिसत होतं. तो दोनदा कोपर उचलायला गेला आणि थांबला, कारण पुढे काय करायचं हे त्याच्या अंगाला कुणी शिकवलंच नव्हतं. करंगळीमागचं हाड मोडलं होतं, हे रात्री एक्स-रेत दिसलं.

पहाटे चारला रेल्वेतून उतरलो तेव्हा त्याचे वडील स्टेशनवर उभे. कापूस वेचणी चालू होती, तरी आले होते. पोराच्या प्लास्टरकडे बघितलं आणि मला म्हणाले, "सर, उजवा मोडला, ते कळलं. पण डावा कामून चालला नाही? त्याला बी लागलं होतं का?"

मी "हो" म्हणालो. खोटं बोललो. पोरगा शेजारीच उभा होता, तो काही बोलला नाही.

आता माझीही बाजू ऐका. आमच्याकडे पोरगं येतं ते दहावी-अकरावीत, दोन-तीन वर्षं टिकतं, मग भरती नाहीतर शेत. तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड. लांबून मारलेला स्वच्छ पंच जजला लगेच दिसतो, पोटातला मार कोपराआड झाकला जातो. एवढ्या वेळात सहा पंच कच्चे शिकवायचे की दोन पक्के? मी दोन निवडले, आणि त्याच दोनांवर माझी पोरं जिल्ह्यात पदकं आणत होती. हे चूक होतं असं मला आजही मनापासून म्हणता येत नाही.

पण मग रिकार्डो लोपेझ बघतो. मेक्सिकोचा, ४७-४८ किलोचा माणूस, आमच्या पोरांएवढाच. ५१ विजय, एक बरोबरी, हार एकही नाही. जॅब, उजवा, बरगडीखाली डावा हुक, आणि डावा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला पंच, तर असा, की समोरच्याची मान मागे गेल्यावरच हात दिसतो. रॉबिन्सनच्या खालोखाल माझ्या लेखी तोच. हल्लीच्यात जपानचा नाओया इनोउए. २०२३मध्ये त्यानं अमेरिकेच्या स्टीफन फुल्टनला आठव्या राऊंडमध्ये आधी पोटात जॅब दिला, फुल्टनचं लक्ष खाली गेलं आणि उजवा तोंडावर. पोरं मोबाइलवर उजवाच परत परत लावतात. मी त्यांना तो जॅब बघायला लावतो.

त्या स्पर्धेनंतर मी रोज अर्धा तास डावाच घेतो. कोपर खांद्याच्या रेषेत, डावी टाच बाहेर वळवायची, हात नाही, कंबर फिरवायची. बरगडीसाठी गुडघा थोडा वाकवायचा. समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली काळीज, म्हणजे यकृत असतं. तिथं नेमका बसला तर क्षणभर काहीच होत नाही, मग पाय जातात.

गेल्या डिसेंबरात माझा एक पोरगा जिल्ह्यातच हरला. नुसत्या जॅबनं जिंकत होता, पण डावा हुक मारायला आत शिरला आणि मार खाऊन बाहेर आला. उतरल्यावर मला म्हणाला, "सर, तुम्हीच तर सांगता." मी त्याच्या हातांची बँडेजं सोडत होतो. तेव्हापासून अर्ध्या तासाचा पाव तास करावा का, हे रोज ठरवतो आणि रोज मैदानावर गेल्यावर अर्धाच तास घेतो.